चाखून घेतलेलं मीठ

शाहूपुरीत शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानदारानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण मार्केट यार्डात ही गोष्ट उलटी फिरते आहे. घासाघीस करून करून स्वस्तात समुद्र घ्यायला निघालेला एक गूळवाला आपल्याच जिभेनं बुडाला, अशी ती सांगतात. चहाबरोबर ऐकायला बरी आहे. खरी नाही.

मी गुळातला माणूस. यार्डात पहिल्यांदा शिरलो तो पाठीवर रवे वाहायला. रवा म्हणजे गुळाची ढेप. तेव्हा एकेक रवा तीस किलोचा असायचा आणि उचगावहून सायकल मारत आल्यावर तो मानेवर चांगलाच बसायचा. वडील दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाळ घालायचे, त्यामुळं गूळ कसा होतो ते मला माहीत होतं. तो कसा विकला जातो ते यार्डात कळलं. सौद्याला व्यापारी रांगेनं फिरतात, रव्याच्या कडेचा टवका सुरीनं काढतात, जिभेवर ठेवतात आणि बोली बोलतात. मी खाली पडलेले टवके उचलून चाखायला लागलो. खारवट रानातल्या उसाचा गूळ मागून खारट-कडवट लागतो. चुना जास्त पडला असेल तर जीभ चरचरते. पाक करपला असेल तर टाळूला धूर लागतो. साखर मिसळलेली असेल तर गोडी पटकन येते आणि पटकन निघून जाते. चार वर्षांत असा तयार झालो की व्यापारी मला बाजूला घेऊन हळूच विचारायचे, "काय रं, कसा हाय?" पुढं मी स्वतःच बोली बोलायला लागलो. दुकान, दुमजली घर, बायकोच्या अंगावरचं सोनं, सगळं त्या जिभेनं मिळवलंय.

त्यातून दोन सवयी पक्क्या झाल्या. वस्तू चाखून घ्यायची आणि सांगितलेला भाव मोडायचा. जी चाखता येत नाही ती मी वाकवून, हुंगून, नखानं खरवडून बघतो. लग्नात फोटोवाल्याशी मी मांडवातच भाव केला होता. बायको अजून म्हणते, त्या फोटोत तुमचं तोंड भांडल्यासारखं आलंय. ते तसं आलेलंच आहे.

पुण्यात माझा एक मोठा खरेदीदार आहे. एकदा त्याच्या ऑफिसात गेलो तर भिंतीला लागून काचेची लांबलचक टाकी. निळसर उजेड, आत दगड, आणि दगडांवर फुलांसारखं काहीतरी हलत होतं. मला वाटलं प्लास्टिक असेल. तो म्हणाला, जिवंत आहेत, प्रवाळ आहेत, आणि हे समुद्राचं पाणी आहे, इथंच बसून तयार केलेलं. केवढ्याला पडलं ते मी विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडं नाही जमायचं हे. फार बारकाईनं बघावं लागतं."

हा माणूस वीस वर्षं माझ्या जिभेनं निवडलेला गूळ विकून मोठा झाला, आणि मला बारकाई शिकवत होता. परतीच्या वाटेवर कराडला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरला सांगितलं की आपल्या हॉलमध्ये समुद्र बसवायचा आहे. तो म्हणाला, "बसवा की."

शाहूपुरीतलं ते दुकान माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं. पुढं साध्या पाण्यातले सोनेरी मासे, आत एका कोपऱ्यात खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी. दुकानदार चाळिशीतला, बोलायला मऊ, गिऱ्हाईक तापलं की खाली बघून हसणारा. त्याच्याशी भाव ठरवायला मला तीन दुपारी लागल्या. चार फुटी टाकी; तिच्या खालच्या कपाटात दुसरी लहान टाकी, ज्यात वरचं पाणी येऊन पडतं; पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं एक यंत्र; पंप, दिवे, दगड. प्रत्येक वस्तूवर भांडलो. माझ्यापुढं त्यानं दोनदा कॅल्क्युलेटर ठेवला आणि दोन्ही वेळा मी तो उपडा करून परत सरकवला.

मिठाच्या डब्याशी आल्यावर मात्र तो अडला. म्हणाला, "पावणं, हे निस्तं मीठ न्हाय. समुद्रात जे जे असतंय ते समदं ह्यात घातलंय. म्हणून म्हाग हाय."

"मीठ ते मीठ," मी म्हणालो. "किती सोडतासा ते बोला."

त्यानं थोडं सोडलं. त्याचं वाक्य मात्र लक्षात ठेवा. त्या मिठात काय असतं हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ते त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे.

टाकी भरली त्या दिवशी हॉलमधून चालायला वाट नव्हती. नळाचं पाणी चालत नाही, म्हणून गाळणीच्या यंत्रातलं पाणी पिंपात साठवलं, त्यात डब्यातलं मीठ टाकलं आणि पंप लावून घुसळत ठेवलं. सुरुवातीला पाणी दुधी दिसत होतं, सकाळपर्यंत निवळलं. तरंगणारं एक काचेचं मापक त्यानं दिलं होतं. ते ज्या रेघेवर थांबायला हवं तिथं थांबलं. मी बोट बुडवून जिभेवर ठेवलं. पुढून खारट, मागून कडू. खारवट रानातला गूळ लागतो तसंच, त्याहून जास्त. मला वाटलं, मीठ हिणकस दिलंय.

दुसऱ्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाइकं असताना मी तसं बोललो. म्हणालो, मागून कडू लागतंय, असला माल मी यार्डात उतरूनसुद्धा घेत नाही. तो समजावून सांगायला लागला, की अहो तो कडूपणा तर... आणि मधेच थांबला. माझ्याकडं बघितलं.

"तुमी समदं चवीवरच घेतासा व्हय?"

"चवीवरच," मी म्हणालो. "ह्या जिभेला कोल्हापुरात अजून कुणी खोटं पाडलं न्हाय."

"बरं बरं. पुढच्या खेपेला चांगलं बघून देतो, पावणं."

मी खूश होऊन बाहेर पडलो. मला कसं फसवायचं हे मी त्याला चार लोकांसमोर सांगून आलो होतो.

नंतरचा महिना नुसता दगड बघण्यात गेला. मासे लगेच सोडायचे नसतात. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात आणि ते पाण्यातली घाण खातात, ते वाढेपर्यंत थांबावं लागतं. मी सकाळी घेतलेला माल दुपारी विकणारा माणूस. महिनाभर पाण्यात ठेवलेल्या दगडांसमोर बसणं मला फार जड गेलं. पाहुणे येत, वाकून बघत, मासे कुठं आहेत विचारत. बायको सांगायची, "आमच्यात दगडं पाळल्यात. लई गुणाची हाईत. खायाला मागत न्हाईत."

मग गोगलगाई आल्या, मग केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी, मग प्रवाळाचे चार लहान तुकडे. ते समुद्रातून तोडलेले नव्हते, टाकीत वाढवलेले होते. तेवढी चौकशी मी केली होती. एक अळंबीच्या छत्रीसारखं, एक बारीक बटणांच्या गालिच्यासारखं, दोन लांब बोटांची. दिवे लागले की अर्ध्या तासात ते सगळं उमलायचं. मी दुकानातून जेवायला घरी आलो की आधी टाकीसमोर उभा राहायचो, हात धुवायला नंतर.

टाकीची खरी देखभाल बायकोनं उचलली. ती गडहिंग्लजकडची, म्हशींच्या घरातली. रोज पाणी थोडं उडून जातं, पण त्यातलं मीठ उडत नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे मला दोनदा समजावून सांगावं लागलं, तिला एकदाच. काचेवर नेलपॉलिशनं एक रेघ मारून ती रोज सकाळी तांब्यानं रेघेपर्यंत पाणी भरायची. माशांना खायला टाकताना ती "बा, बा" करून बोलवायची, माहेरी कानडी शेजारीण रेडकांना बोलवायची तसं. मासे यायचेही. यार्डातले लोक टाकी बघायला घरी आले, पुण्याच्या खरेदीदाराला मी फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं नाही. मला ते उत्तरच वाटलं.

पहिला डबा संपत आला तेव्हा दुसरा आणायला गेलो. डबा तोच, नाव तेच, झाकणही तसंच. आतली पिशवी मात्र दोऱ्यानं बांधलेली होती. पहिल्या डब्यातली चिकटवून बंद केलेली होती, ती मी कात्रीनं कापली होती. मी विचारलं. तो म्हणाला, कंपनीनं पॅकिंग बदललंय. दोरा सोडून त्यानं पिशवी माझ्यापुढं धरली. "बघा चव."

मी चिमूट जिभेवर टाकली. स्वच्छ खारट. मागं काही नाही.

"आता कसं," मी म्हणालो. "ह्याला म्हणायचं मीठ."

त्या दिवशी मी भाव केला नाही. माझ्या आयुष्यात असे दिवस फार नाहीत, आणि त्यातला एक त्याला मिळाला.

दर रविवारी टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचं असतं. नवं मीठ पाण्यात पटकन विरघळायचं, दुधी रंग यायचाच नाही. मला तेही चांगुलपणाचं लक्षण वाटलं. मापक बरोबर रेघेवर थांबायचं, कारण ते फक्त खारेपणा मोजतं. कशाचा खारेपणा, ते सांगत नाही. रविवारमागून रविवार मी माझ्या हातानं टाकीतला समुद्र काढत होतो आणि खारं पाणी ओतत होतो.

पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. म्हणाली, "अवो, गोगलगाई काचेवरनं पडाय लागल्यात. काल दोन, आज तीन."

गोगलगाई चालताना पडतातच, असं मी म्हणालो. पडलेल्या गोगलगाई ती चमच्यानं उलट्याच्या सुलट्या करून ठेवायची. त्या परत काचेवर चढल्या नाहीत. मग लांब बोटांची प्रवाळं दिवसभर मिटलेली राहायला लागली. बटणांचा गालिचा कडेनं पांढरा पडत आत सरकत आला.

मी दुकानात गेलो. तो म्हणाला, दिव्यांचा वेळ कमी करा. केला. पुन्हा गेलो, तर त्यानं प्रवाळांच्या खाद्याची एक बाटली दिली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं जरा विचार करून विचारलं, घरात फोडणीला धूर होतो का. मी म्हणालो, कोल्हापुरात कुठल्या घरात होत नाही? तो म्हणाला, बरोबर, तेलाचा धूर पाण्यावर बसतो, म्हणून प्रवाळं गुदमरतात.

मी घरी येऊन बायकोवर ओरडलो. स्वयंपाकघराचं दार उघडं का ठेवतेस, मिरचीची फोडणी हॉलमध्ये येते, एवढं समजत नाही का. दुसऱ्या दिवसापासून तिनं शेगडी मागच्या गॅलरीत नेली. पंधरा-सोळा दिवस तिनं उन्हात उभं राहून फोडण्या घातल्या. मी आत बसून गरम भाकरी खाल्ली. ह्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नुकसान कुठलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो. त्याच्या शब्दावर मी माझ्या घरच्या माणसाला घराबाहेर उभं केलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक सर भाड्यानं राहतात, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायकोनं गॅलरीत स्वयंपाक का मांडलाय हे त्यांनी जिन्यातून जाताना विचारलं. तिनं सांगितलं. ते तसेच वर आले, टाकीसमोर वाकले आणि मला म्हणाले, "धुराचं राहू द्या. मीठ दाखवा."

दोन दिवसांनी ते पाणी तपासायची एक पेटी मागवून घेऊन आले. लहान बाटल्या, थेंब टाकायचं औषध. त्यांनी समजावलं की समुद्राच्या पाण्यात चुन्याचा अंश असतो, त्यावर गोगलगाईचं कवच होतं. पाण्यात एक पूड घातली की रंग गुलाबी होतो. मग थेंब टाकत जायचं. चुना जितका जास्त तितके जास्त थेंब लागतात, आणि शेवटी पाणी निळं होतं. पहिल्या डब्याच्या तळाला मूठभर मीठ दगडासारखं घट्ट होऊन राहिलं होतं. ते आधी विरघळवलं. थेंब टाकून टाकून सरांचा हात दुखला, तेव्हा कुठं निळं झालं. मग दुसऱ्या डब्यातलं घेतलं. ते पूड घातल्याबरोबर निळं झालं. एकही थेंब टाकावा लागला नाही.

"हे साधं मीठ आहे," सर म्हणाले. "लोणच्याला चालेल. आणि तुम्हाला पहिल्यांदा जे कडू लागलं ना, तेच टाकीला हवं होतं."

बायको दारात उभी होती. मी तिला म्हणालो की धुराचं त्यानं खोटं सांगितलं होतं. ती म्हणाली, "त्यानं सांगितलं, तुमी ऐकलासा. मला कुणी इचारलंच न्हाय." आणि शेगडी आत आणायला गेली. मी उचलू लागलो तर तिनं उचलू दिली नाही.

मी दोन्ही डबे घेऊन दुकानात गेलो. आवाज चढला होता, ते कबूल. सगळं सांगितलं, कडूपणाचं, दोऱ्याचं, थेंबांचं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकांकडं बघत म्हणाला, "तुमीच म्हणालासा न्हवं, कडू लागतंय म्हणून? बिनकडू दिलं. ह्याच काउंटरवर चाखलासा, चांगलं हाय म्हणालासा. तुमच्या यार्डात टवका चाखून माल घेतला की परत फिरवता येतंय काय?"

"डब्यावर नाव कुणाचं हाय?"

"डब्यावरचं नाव तुमी चाखलं न्हाईसा, पावणं."

पिशवीत मासे घेऊन उभा असलेला एकजण हसला. दुकानदारानं एक नवा डबा काउंटरवर ठेवला, फुकट न्या आणि विषय सोडा म्हणाला. मी काउंटरवर हात आपटला. काचेला तडा गेला, तो माझ्या हातानं गेला. ती काच मी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून बसवून दिली. जे मी केलं ते मी केलं म्हणतो.

डबा घेतला नाही. तो घेतला असता तर हिशेब मिटला असं झालं असतं.

आठ दिवसांत गोष्ट यार्डात पोचली, त्याच्या चवीनं शिजवून. सौद्याला उभा राहिलो की मागून कुणीतरी म्हणायचं, "जरा जपून चाखा, मीठ असंल." एका सकाळी एका शेतकऱ्याचा गूळ मी खारवट सांगितला. तो म्हणाला, "अण्णा, तुमाला आता समदंच खारट लागत असंल." रांगेतले सगळे हसले. मी दुसऱ्या व्यापाऱ्याला टवका दिला, त्यानं चाखून मान हलवली, खारवटच होता. पण तोपर्यंत पुढचा सौदा सुरू झाला होता, आणि हसलेल्या लोकांनी ते मान हलवणं पाहिलं नाही.

कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहितो. त्यानंतर दोन आठवडे मी प्रत्येक टवका दोनदा चाखत होतो. आयुष्यात कधी दोनदा चाखला नव्हता. पहिल्यांदा जीभ सांगायची, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दुसऱ्यांदा ती तेच सांगायची. बोली बोलायला तेवढा उशीर व्हायचा आणि चांगला माल शेजारचा घेऊन जायचा. माझ्याकडं शिक्षण नाही, बापाचं दुकान नव्हतं, नातेवाईक यार्डात नव्हते. ही एक जीभ होती. तिच्यावर लोक शंका घ्यायला लागले तर मी उद्यापासून परत रवे वाहणाराच आहे, फक्त म्हातारा.

आणि जीभ चुकली नव्हती. हेच मला सांगायचं आहे. कडू होतं तेव्हा तिनं कडू सांगितलं, साधं मीठ होतं तेव्हा साधं मीठ सांगितलं. समुद्राचा बरा माल कसा लागतो ते मला ठाऊक नव्हतं, ती चूक माझी. ते ज्याला ठाऊक होतं, त्यानं माझी ती चूक बघितली आणि तिच्या मापाचं मीठ डब्यात भरलं.

टाकी मी मोडली नाही. चार-पाच जणांनी सल्ला दिला, विकून टाका, आता कशाला. सरांच्या सांगण्यावरून बाहेरगावाहून मीठ मागवलं, पाणी हळूहळू बदललं. ते दोन मासे जगले. गोगलगाई सगळ्या गेल्या, प्रवाळांतलं एक अळंबीसारखं तेवढं राहिलं, तेही नखाएवढं. आता नवे तुकडे आणलेत आणि ते उमलतात. पुण्याच्या माणसाला फोटो पाठवलेला नाही. कुणाला दाखवायला म्हणून ठेवलेलं आता त्यात काही नाही. माझ्या घरात समुद्र राहणार, कारण तो मोडला असता तर त्या दुकानदाराचीच सोय झाली असती.

आता यार्डाच्या नियमाबद्दल. चाखून घेतलेल्या मालाला तक्रार नाही, हा नियम खरा आहे. पण तो अर्धाच सांगितला गेला. उरलेला अर्धा मी सांगतो, कारण तो मी अंगावर घेतलेला आहे. तिशीत असताना माझ्या नावानं गेलेल्या मालात साखरमिश्रित रवे निघाले. वरची थप्पी चांगली होती, खरेदीदारानं चाखून घेतली होती. खाली काय आहे ते मला माहीत होतं. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. खरेदीदार रवे परत घेऊन आला. यार्डातल्या जुन्या व्यापाऱ्यांनी सौदा थांबवला, रवा मधोमध फोडून ठेवला आणि मला त्याच्याशेजारी उभं केलं. एकच विचारलं, हा कुणी घातला. चाखून घेतला होता, असं मी म्हणू शकलो असतो. तेव्हा ते कुणी ऐकून घेतलं नसतं. चव बघायचा हक्क घेणाऱ्याचा आहे. जे दाखवलं तेच देणं हे विकणाऱ्यावर आहे. मी शेदीडशे माणसांसमोर सांगितलं, मी घातला. वर्षभर माझ्याकडून कुणी गूळ घेतला नाही. त्यानंतर घेतला, आणि आजपर्यंत घेतात.

तर शाहूपुरीतल्या दुकानदाराला माझं सांगणं आहे. तुम्ही आमचा नियम मला ऐकवलात, तर पुरता पाळा. एखाद्या सकाळी सौद्याच्या वेळी यार्डात या. मी दोन्ही डबे आणून ठेवतो, सर थेंबाची बाटली घेऊन येतील. जे हसले ते सगळे तिथं असतात. त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा, त्या डब्यातली पिशवी कुणी फोडली, तिच्यात साधं मीठ कुणी भरलं आणि वर दोरा कुणी बांधला. डबा नको, पैसे नकोत, माफीही नको. एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं द्या, मोठ्यानं, मागच्या माणसाला ऐकू जातील अशी.